विश्लेषण : मुंबई-न्यूयॉर्क अंतर तेवढेच, मग प्रवासाचे तास का बदलतात?

मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन शहरांतले हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. त्यात वाढ वा घट होण्याचे कारण नाही. तरीही हा प्रवास कधी चौदा-साडेचौदा तासांत उरकतो, कधी सोळा तासांच्या पुढे जातो, तर कधी निघालेले विमान काही तासांनी पुन्हा मुंबईतच उतरते. इंटरनेटवर दोन शहरांची नावे टाकली की अंतर आणि वेळ क्षणात समोर येते. त्यातला अंतराचा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो, वेळेचा मात्र अर्धवट. कारण वेळ ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत : वाऱ्याची दिशा, विमानाचा पल्ला आणि अलीकडच्या वर्षांत सर्वाधिक महत्त्वाची ठरलेली बाब म्हणजे कोणत्या देशाचे आकाश कोणाच्या विमानांना खुले आहे.

सर्वांत जवळचा मार्ग कोणता?

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. प्रत्यक्षात हा जवळचा मार्ग नाही. पृथ्वी गोल आहे आणि सपाट कागदावर ती पसरताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात. घरातल्या पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा घट्ट ताणून पाहिला तर खरा जवळचा मार्ग दिसतो. याला बृहद्वृत्त म्हणतात.

मुंबईहून निघालेला हा दोरा वायव्येकडे वळून पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान यांवरून रशियात शिरतो, मॉस्कोच्या जवळून फिनलंड व नॉर्वेकडे जातो, आइसलँड ओलांडतो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करतो आणि कॅनडावरून न्यूयॉर्कला उतरतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, न्यूयॉर्क साधारण ४१ अंशांवर. पण वाटेत हा मार्ग ६५ अंशांपर्यंत उत्तरेला चढतो. मुंबई-लंडन या सुमारे ७,२०० किलोमीटरच्या मार्गाचेही तत्त्व तेच. विमान कंपन्या शक्य तेव्हा या रेषेच्या जवळ राहण्याचा प्रयत्न करतात. मात्र ही रेषा ज्या देशांवरून जाते त्यांची यादी पुन्हा वाचली, तर अडचण कुठे आहे हे लगेच लक्षात येते.

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळते का?

लांब पल्ल्याची प्रवासी विमाने ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने उडतात. १२,५५० ला ९०० ने भागले की जेमतेम १४ तास येतात. पण तिकिटावरची वेळ विमान हवेत असतानाची नसते. दारे लावून विमान जागेवरून हलल्यापासून ते मुक्कामाच्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. त्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. धावपट्टीसाठीची रांग, वर चढताना व उतरतानाचा कमी वेग, मुक्कामाच्या विमानतळावरील गर्दीमुळे आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या हे सारे त्यात येते. मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन्ही विमानतळे गर्दीची, त्यामुळे वेळापत्रकात थोडी सूट धरावीच लागते.

दुसरा गोंधळ घड्याळाचा. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची वेळ न्यूयॉर्कची असते. भारतात वर्षभर एकच प्रमाणवेळ. अमेरिकेत मात्र उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे जाते. म्हणून न्यूयॉर्क भारताच्या उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. रात्री २ ला मुंबईहून निघून त्याच दिवशी सकाळी साडेआठला न्यूयॉर्कला पोहोचणाऱ्या प्रवाशाच्या मनगटावर साडेसहा तास दिसतात; प्रत्यक्षात उन्हाळी वेळेनुसार १६ तास झालेले असतात.

जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का?

पृथ्वीच्या मध्य अक्षांशांवर, साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात. यांना जेट प्रवाह म्हणतात. पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला ते मागून ढकलतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला समोरून अडवतात. म्हणूनच मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात आणि परतताना त्यातले तास-दोन तास वाचतात. हिवाळ्यात हे वारे अधिक जोरकस असतात.

त्यांची ताकद किती, याचे एक उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. एका वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. विमान मात्र स्वतःच्या नेहमीच्याच वेगाने उडत होते. बाकीचे काम वाऱ्याचे. वैमानिकाचा मार्ग म्हणूनच रोज थोडा बदलतो. अनुकूल वारा मिळत असेल तर दोनशे किलोमीटर जास्त उडूनही लवकर पोहोचता येते.

पूर्वीपेक्षा प्रवास वेगवान झाला तो कशामुळे?

एअर इंडियाचे मुंबई-लंडन हे पहिले उड्डाण ८ जून १९४८ रोजी झाले. 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला पोहोचले. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमाने आली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा लंडनमार्गे सुरू झाली. मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण मात्र १ ऑगस्ट २००७ पर्यंत वाट पाहायला लावून गेले.

या साठ-पासष्ट वर्षांत विमानाचा वेग जवळपास वाढलेला नाही. बोइंग ७०७ ज्या वेगाने उडायचे, साधारण त्याच वेगाने आजचे बोइंग ७८७ उडते. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे कॉन्कॉर्ड २००३ मध्ये निवृत्त झाले. वाढला तो विमानाचा पल्ला. इंजिने कमी इंधनात जास्त चालू लागली, मधले थांबे गेले आणि त्यामुळे तास वाचले. म्हणजे गेल्या अर्धशतकात आपण जे कमावले ते 'न थांबता जाणे' हे आहे. आकाश बंद झाले की नेमकी हीच कमाई हातातून जाते.

आकाश कोणाच्या मालकीचे?

१९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच अनुच्छेदानुसार प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. परक्या देशाच्या विमानाने न उतरता नुसते वरून जाण्याचा हक्क वेगळ्या करारांनी द्यावा लागतो आणि त्यासाठी शुल्क मोजावे लागते. असा हक्क परस्परांना देणाऱ्या बहुराष्ट्रीय करारात रशियासारखा प्रचंड भूभागाचा देश सहभागी नाही.

आकाश बंद करण्याचे हत्यार भारतीय उपखंडाला नवे नाही. जानेवारी १९७१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान अपहरण करून लाहोरला नेण्यात आले. त्यानंतर भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना बंदी घातली. कराची-ढाका हे थेट अंतर २,४०० किलोमीटरही नाही. पण बंदीनंतर त्या विमानांना श्रीलंकेवरून जवळपास दुप्पट वळसा घ्यावा लागला. एकाच देशाच्या दोन भागांतले अंतर एका आदेशाने दुप्पट झाले. हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये त्यावर निकाल आला, तोवर बांगलादेश जन्माला आला होता.

आताच्या बंदीचा फटका कोणाला?

पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. ३० एप्रिलला भारताने तसेच प्रत्युत्तर दिले. त्यानंतर दोन्हीकडून या बंदीला महिन्यामागून महिना मुदतवाढ मिळत गेली.

तिचा भार सर्वांवर सारखा नाही. साधा हिशेब करून पाहू. दिल्ली-न्यूयॉर्क थेट अंतर सुमारे ११,७५० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा ८०० किलोमीटर कमी. पाकिस्तान टाळायचा तर दिल्लीच्या विमानाला आधी दक्षिणेला गुजरातकडे यावे लागते, मग अरबी समुद्रावरून मस्कतच्या बाजूने पुढे. दिल्ली-अहमदाबाद-मस्कत-न्यूयॉर्क अशा रेषा जोडल्या तर बेरीज साडेतेरा हजार किलोमीटरवर जाते. वळसा पावणेदोन हजार किलोमीटरचा, म्हणजे जवळपास दोन तासांचा. मुंबईचे विमान मात्र निघताच समुद्रावर असते. मुंबई-मस्कत-न्यूयॉर्क ही बेरीज सुमारे १२,९०० किलोमीटर. वाढ केवळ साडेतीनशेची. नकाशावर दिल्ली न्यूयॉर्कला जवळ आहे. बंदीच्या काळात मुंबई जवळ झाली.

याहून विलक्षण उदाहरण ताश्कंदचे. दिल्लीहून ताश्कंद चेन्नईपेक्षा जवळ आहे. तरीही एप्रिल २०२५ च्या अखेरीस इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणे थांबवावी लागली, कारण वळसा घालून तिथे पोहोचणे कंपनीच्या तेव्हाच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर होते. एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्ना, कोपनहेगन येथे इंधनासाठी थांबे घ्यावे लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवताना कंपनीने नूतनीकरणामुळे विमाने कमी पडत असल्याबरोबरच पाकिस्तानी हद्द बंद असल्याचेही कारण दिले.

दोन तासांचा वळसा म्हणजे केवळ दोन तासांचे इंधन नव्हे. ते जादा इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. वजन मर्यादेत ठेवण्यासाठी काही आसने किंवा मालाची जागा रिकामी सोडावी लागते. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा असल्याने जादा चमू लागतो. विमान उशिरा परतले की त्याचे पुढचे उड्डाणही उशिरा. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने सुमारे साडेचार महिने हद्द बंद ठेवली होती, तेव्हा एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याची माहिती सरकारने राज्यसभेत दिली. त्याच बंदीत पाकिस्ताननेही वरून जाणाऱ्या विमानांचे शुल्क गमावले. त्यांच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी तो आकडा साडेआठ अब्ज पाकिस्तानी रुपये सांगितला होता. दोघांचीही हानी झाली आणि दोन्ही देशांतले प्रश्न जिथल्या तिथे राहिले.

झेंड्यानुसार अंतर बदलते, ते कसे?

पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांच्या विमानांना आहे; दिल्लीहून निघणारे युरोपीय कंपनीचे विमान पाकिस्तानवरून जाऊ शकते. उलट, युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये रशियाचे आकाश अमेरिकी, ब्रिटिश, कॅनडियन आणि युरोपीय संघाच्या विमानांना बंद झाले, भारतीय विमानांना मात्र खुले राहिले. मार्च २०२२ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने याच कारणाने नेवार्क-मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली ही उड्डाणे थांबवली. फिनलंडचे हेलसिंकी तर पूर्वेकडचे प्रवेशद्वार म्हणूनच वाढले होते. तिथून टोकियो साडेनऊ तासांवर होते, ते तेरा तासांवर गेले. फिनएअरची विमाने उत्तर ध्रुवावरून वळसा घालू लागली.

म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी, त्याच बनावटीच्या दोन विमानांना वेगवेगळे अंतर कापावे लागते. फरक फक्त विमान कोणत्या देशात नोंदलेले आहे याचा. रशियाचे आकाश भारतीय कंपन्यांना खुले असणे हा लाभ असला तरी तो निर्धोक नाही. जून २०२३ मध्ये इंजिनातील बिघाडामुळे एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले. दोनशेहून अधिक प्रवासी तिथे अडकले आणि त्यांच्यासाठी मुंबईहून दुसरे विमान पाठवावे लागले.

मग लांबचा मार्ग नेहमीच वाईट का?

नाही. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-१७ विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ जण मृत्युमुखी पडले. त्या भागातले युद्ध सर्वांना ठाऊक होते, तरी ठराविक उंचीवरचे आकाश खुले ठेवले गेले होते. तेव्हापासून संघर्षक्षेत्र टाळण्याबाबत कंपन्या अधिक सावध झाल्या. १३ जून २०२५ रोजी इस्रायल-इराण संघर्ष पेटताच मुंबईहून लंडनला आणि न्यूयॉर्कला निघालेली एअर इंडियाची विमाने मुंबईला परत फिरवण्यात आली. लंडन आणि न्यूयॉर्कहून मुंबईला येणारी विमाने व्हिएन्ना आणि जेद्दाकडे वळवली गेली. प्रवाशांचे हाल झाले, पण निर्णय योग्यच होता.

इथे एक भेद करायला हवा. क्षेपणास्त्रांच्या भीतीने बंद केलेले आकाश आणि शेजाऱ्याला धडा शिकवण्यासाठी बंद केलेले आकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात प्रवाशाचा जीव वाचतो. दुसऱ्यात प्रवाशाचाच खिसा आणि वेळ वापरून दुसऱ्या देशाला संदेश दिला जातो. सार्वभौम देशाला तो अधिकार आहे, हे खरे. पण तो वापरताना त्याची किंमत कोण मोजतो हे उघडपणे सांगण्याची जबाबदारीही सरकारांवर येते.

प्रवाशाने काय पाहावे, आणि काय मागावे?

तिकीट काढताना दोन घड्याळांतला फरक पाहू नये. एकूण प्रवासवेळ पाहावी. 'थेट' आणि 'विनाथांबा' यांत अंतर आहे : थेट उड्डाणाचा क्रमांक एकच असतो, पण ते वाटेत उतरू शकते. पुढचे विमान धरायचे असेल तर दोन्ही तिकिटे एकाच आरक्षणात असावीत, म्हणजे पहिले विमान लांबले तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. हवाई हद्द बंद झाल्याने उशीर झाला तर ती कंपनीच्या हाताबाहेरची परिस्थिती धरली जाते आणि भरपाई मिळत नाही, हेही ठाऊक असावे.

एप्रिल २०२५ मध्ये बंदी लागताच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना सूचना दिल्या होत्या : वाढलेली प्रवासवेळ आणि तांत्रिक थांब्याची शक्यता प्रवाशांना आधी सांगा, खाणेपिणे पुरेसे ठेवा, वैद्यकीय साहित्याची तयारी ठेवा. या सूचना योग्य आहेत. पण त्या तातडीच्या प्रसंगापुरत्या न राहता कायमच्या नियमात यायला हव्यात. तिकीट विकतानाच या मार्गावर गेल्या महिन्यात प्रत्यक्ष किती वेळ लागला आणि वाटेत किती वेळा उतरावे लागले, हे दाखवणे कंपन्यांना अवघड नाही. ती माहिती त्यांच्याकडे रोज जमा होतेच.

अशी माहिती कोणाला हवी असते? न्यू जर्सीला लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या साठीच्या बाईंना, मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्या लागणाऱ्या आजोबांना, तान्ह्या मुलाला घेऊन एकट्याने प्रवास करणाऱ्या आईला. सोळा तास बसायचे की एकोणीस, मध्ये थांबा आहे की नाही, यावर त्यांची औषधे, पायांची सूज आणि सोबत घ्यायचा डबा ठरतो. दोन देशांचे आकाश केव्हा खुले होईल हे त्यांच्या हाती नाही. निघण्यापूर्वी खरी वेळ कळणे मात्र त्यांचा हक्क आहे, आणि त्यासाठी कोणत्याही शेजारी देशाच्या परवानगीची गरज नाही.